हिंसा रोखणाऱ्या टीमचा बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमा: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक संस्थांमध्ये हे काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. कोणीतरी थकून नोकरी सोडतं किंवा भर मीटिंगमध्ये कोणाला तरी रडू फुटतं, मग वरून फर्मान निघतं की टीमसाठी स्ट्रेस मॅनेजमेंटचं वर्कशॉप घ्या. एक दिवस श्वासाचे व्यायाम होतात, ग्रुप फोटो निघतो, आणि त्याच रात्री अडीचला तोच माणूस त्याच फोनवर तसलाच कॉल उचलतो. वर्कशॉपशी माझं भांडण नाही, पण ज्याचा नंबर शेवटी लागायला हवा ते पहिलं घेतलं जातं आणि मग बाकीचं कधीच होत नाही.

हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे जे हिंसेच्या अगदी जवळ काम करतात: भांडण पेटायच्या आत मध्ये पडणारे, घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनवर बसणारे, शेल्टर चालवणारे, हॉस्पिटलमध्ये जखमी पोराच्या उशाशी जाऊन बदल्याचा विचार डोक्यातून काढायला लावणारे. त्याहून जास्त त्यांच्या कोऑर्डिनेटरसाठी आहे, कारण यातले बरेच निर्णय फिल्डवरच्या माणसाच्या हातात नसतात. तुम्ही स्वतः फिल्डवर असाल तर टप्पा ३ आणि ७ आजपासून सुरू करता येतील, बाकीचे टप्पे वरच्यांना वाचायला द्या.

## तयारी: आधी नक्की काय झालंय ते ओळखा

सगळ्याला सरसकट स्ट्रेस म्हणून मोकळं झालं की उपाय चुकलाच समजा. चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एका माणसात एकाच वेळी दोन-तीन असू शकतात.

बर्नआउट हळूहळू चढतो. काम जास्त, हातात कंट्रोल कमी, केलेल्याची दखल नाही, आणि हे महिनोन्महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, आणि तिथे तीन खुणा दिल्यात: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातली मधली खूण बोलण्यातून सगळ्यात आधी कळते. "ही पोरं सुधारणारच नाहीत", "ती बाई परत त्याच्याकडेच जाणार आहे, कशाला मरमर करायची" अशी वाक्यं कार्यकर्त्याच्या तोंडी यायला लागली की कान टवकारा. माणूस निष्ठुर झालाय असं समजून त्याला लेक्चर देऊ नका.

सेकंडरी ट्रॉमा म्हणजे दुसऱ्यावर बेतलेलं ऐकून, वाचून, बघून स्वतःला ट्रॉमाची (मनावर खोल आघात झाल्याची) लक्षणं सुरू होणं. केसमधलं दृश्य डोळ्यासमोर येत राहतं, वाईट स्वप्नं पडतात, ठराविक गल्ली किंवा ठराविक प्रकारचा कॉल टाळला जातो, दार जोरात आपटलं तरी दचकायला होतं. याला महिने लागत नाहीत, एका केसनेही होतं. हे मनाचे खेळ आहेत असं कोणी म्हणालं तर सांगा की २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) निकषात कामाचा भाग म्हणून भयानक तपशिलांना वारंवार सामोरं जाणं स्पष्ट लिहिलंय.

तिसरी गोष्ट थेट ट्रॉमा, आणि इथे हमखास गल्लत होते. कार्यकर्त्याला स्वतःला धमकी आली, त्याच्यासमोर कोणी मारलं गेलं, किंवा ज्या पोराला तो दोन वर्षं सांभाळत होता तोच गेला, तर त्याला सेकंडरी म्हणू नका. तो त्याचा स्वतःचा ट्रॉमा आहे आणि त्यात दुःखही आहे.

चौथी म्हणजे नैतिक घुसमट. काय करायला हवं ते स्वच्छ दिसतंय पण शेल्टरमध्ये जागा नाही, नियमात बसत नाही, साहेब सही करत नाहीत, आणि ती बाई रात्री परत त्याच घरी गेली. याच्यावर ध्यानधारणा सुचवणं हा अपमान वाटतो लोकांना, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे.

हे वेगळं का करायचं? बर्नआउटमध्ये सुट्टीने थोडा तरी श्वास मिळतो. सेकंडरी ट्रॉमात नुसती सुट्टी दिली तर माणूस घरी रिकामा बसून तेच दृश्य दिवसभर बघत बसतो, आणि नैतिक घुसमटीत सुट्टीवरून परत आल्यावर तीच भिंत समोर असते.

तपासा: टीममधल्या प्रत्येकाबद्दल एका ओळीत लिहून बघा की या माणसाला सध्या चारपैकी काय त्रास देतंय. तीन जणांपुढे "माहीत नाही" लिहावं लागलं तर पुढचे टप्पे राहू द्या, आधी त्यांच्याशी बोला.

सावधान: अनेक टीममध्ये मुद्दाम अशी माणसं घेतात जी स्वतः हिंसेतून गेली आहेत, कारण लोक त्यांचंच ऐकतात. त्यांच्या बाबतीत "जुनं दुखणं उघडं पडलंय" असं म्हणून संस्थेने हात झटकायचे नाहीत. ज्या अनुभवासाठी नोकरीवर घेतलं त्याच अनुभवाचा दोष काढणं बरोबर नाही.

## टप्पा १: ओझं मोजा

अंदाजाने नको, दोन आठवडे साध्या कागदावर नोंद ठेवा. प्रत्येकाने रोज लिहायचं: चालू केस किती, त्यातल्या जड किती, ड्युटी संपल्यावर किती कॉल आले, रिपोर्ट लिहायला किती वेळ गेला. जड केस म्हणजे काय ते टीमने मिळून आधी ठरवा. मृत्यू, लहान मूल, लैंगिक हिंसा, आणि कार्यकर्त्याच्या ओळखीतला माणूस असलेली केस, या चार तरी त्यात हव्यात.

मोजताना एक गोष्ट कायम सुटते, ती म्हणजे बंद झालेल्या केस. रजिस्टरमध्ये फाइल क्लोज असते पण तो पोरगा अजून रात्री फोन करतो, त्याच्या आईचा मेसेज येतो, आणि कार्यकर्ता उत्तर देतो कारण नाही दिलं आणि काही झालं तर? हे पण ओझंच आहे, त्याला वेगळा कॉलम द्या.

मग आकडे समोर ठेवून दोन निर्णय घ्यायचे. एक, एका माणसाकडे एका वेळी जड केस जास्तीत जास्त किती. दुसरा निर्णय कठीण आहे: मर्यादा भरल्यावर आलेली केस कुठे जाणार, आणि सध्याच्या कामातलं काय बंद करणार. दुसरा निर्णय न घेता पहिला घेतला तर ती मर्यादा भिंतीवर चिकटवायच्या कामाची. बंद करण्यासारखं सापडतंच, बहुतेक वेळा एकच माहिती तीन रिपोर्टमध्ये तीनदा भरली जात असते.

नेहमीची चूक: जड केस सतत त्याच एका खमक्या बाईकडे किंवा त्याच एका सिनियरकडे जाणं, कारण "ती सांभाळते". ती सांभाळते, आणि एक दिवस काही न बोलता राजीनामा ठेवते. जड केस पाळीपाळीने द्या, आणि सलग दोन जड केस एकाकडे गेल्या तर तिसरी काहीही झालं तरी दुसऱ्याकडे.

## टप्पा २: फोन आणि सुट्टी

हे नीट केलं तर बाकी निम्मं काम आपोआप हलकं होतं असं माझं मत आहे, आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतो.

या कामात फोन चोवीस तास चालू लागतो हे मान्य, पण एकाच माणसाचा का? ऑन-कॉलचा ड्युटी चार्ट बनवा, एका वेळी दोन माणसं, एक मुख्य आणि एक मागे. पर्सनल नंबर लोकांना द्यायचा नाही, कामाचा वेगळा फोन ठेवायचा आणि ड्युटी बदलली की तो फोन प्रत्यक्ष हातातून हातात जायला हवा. "मी कॉल फॉरवर्ड करतो" यावर भरवसा ठेवू नका, दोन दिवसांत सगळे कॉल मूळ माणसाकडे परत येतात.

आता खरी अडचण. लोकांचा विश्वास माणसावर असतो, नंबरवर नसतो. जो पोरगा फक्त तुमच्याशी बोलतो तो दुसऱ्याने फोन उचलला तर कट करेल. म्हणून बदल एकदम करू नका. आधी तीन-चार भेटींना दुसऱ्या सहकाऱ्याला बरोबर न्या, मग एकदा बोलणं त्याला करू द्या आणि तुम्ही नुसते बसा, मग सांगा, "रविवारी मी नसतो, तेव्हा हा असतो, याला सगळं माहीत आहे." वेळ लागतो, पण याला शॉर्टकट नाही.

ड्युटी देताना निरोप कसा द्यायचा हेही ठरवून घ्या. पाच मिनिटांत तीनच गोष्टी: कोण सध्या धोक्यात आहे, आज रात्री काय घडू शकतं, त्यासाठी आधीच काय केलंय. सगळी कहाणी सांगायची नाही. कहाणी ऐकून समोरचा रात्रीची ड्युटी सुरू होण्याआधीच अर्धा थकतो.

रात्री घटनास्थळी जावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी रद्द, आणि हे आपोआप व्हायला हवं. मागून घ्यावी लागणारी सुट्टी कोणी मागत नाही, विशेषतः ज्यांची नोकरी कंत्राटी असते ते तर कधीच नाही.

तपासा: सुट्टीवर असलेल्या माणसाला या आठवड्यात कामाचा किती वेळा फोन गेला? त्यात कोऑर्डिनेटरचे फोन पण मोजा. "एकच पटकन विचारायचं होतं" हा पण फोनच.

## टप्पा ३: भयानक तपशील कमी कानांपर्यंत पोहोचू द्या

जखमेचं वर्णन, मृतदेहाचा फोटो, मारहाणीचा व्हिडिओ हे सगळं कामाला लागतं, पण टीममधल्या किती जणांना लागतं? बहुतेक वेळा एकाला किंवा दोघांना. तरी ते सगळ्यांपर्यंत जातं कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो, आणि जो बिचारा बसमध्ये बसून सहज फोन उघडतो त्याच्यासमोर काही सूचना नसताना ते उघडतं. पहिला नियम आजच करा: ग्रुपवर फोटो-व्हिडिओ नाही, फक्त मजकूर. ज्याला लागणार त्यालाच वेगळं पाठवायचं आणि पाठवण्याआधी त्यात काय आहे ते लिहायचं. ऑटो डाउनलोड पण सगळ्यांनी बंद करून टाका.

व्हिडिओ बघावाच लागला तर आधी आवाज बंद करून बघा, आवाज जास्त चिकटतो. खिडकी छोटी करा, शक्य असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करा, नक्की काय शोधायचंय ते बघायच्या आधी कागदावर लिहा आणि ते सापडलं की थांबा. झोपायच्या आधी नको आणि अंथरुणात तर नकोच.

बोलण्यातले तपशील आवरणं याहून अवघड आहे, कारण फिल्डवरून आल्या आल्या कोणालातरी सांगून टाकावंसं वाटतं आणि वाटणं साहजिक आहे. त्यासाठी एक सवय लावायची: सांगायच्या आधी इशारा द्या, परवानगी घ्या, आणि मग कमीत कमी तपशिलात सांगा. ऐकायला असं वाटतं:

"ताई, आत्ताच्या भेटीने डोकं सुन्न झालंय. लहान मुलाची केस आहे. बोलायला दहा मिनिटं आहेत का, की नंतर बोलू?"

"आत्ता नको रे, मीच एका कॉलवरून उठलेय. साडेचारला बस माझ्याजवळ."

साडेचारला तो बसतो आणि मुलाला काय काय झालं ते सांगण्याऐवजी सांगतो की त्या घरातून निघताना पाय उचलत नव्हते, आपण तिथे थांबायला हवं होतं का हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मदत त्याला त्या प्रश्नावर हवी होती. जखमेचं वर्णन त्याने केलं नाही, तिलाही ते ऐकावं लागलं नाही, तरी त्याचं बोलून झालं.

सावधान: याचा अर्थ गप्प बसा असा काढू नका. काही टीममध्ये हा नियम आला आणि लोकांनी बोलणंच बंद केलं, ते जास्त वाईट. ताईने नको म्हटलं पण वेळ दिली, ते नीट बघा. नकार द्यायचा तर पुढची वेळ द्यायचीच.

## टप्पा ४: सुपरव्हिजन आणि कामाचा रिव्ह्यू वेगळे करा

महिन्यातून एकदा कोऑर्डिनेटर बसतो आणि किती भेटी झाल्या, किती रिपोर्ट बाकी आहेत ते विचारतो, आणि शेवटी उठता उठता "बाकी कसं चाललंय, ठीक ना?" याला सुपरव्हिजन म्हणत असाल तर नाव बदला. ज्या माणसाच्या हातात तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करणं आहे त्याला कोणी सांगणार नाही की मला रात्री झोप येत नाही.

म्हणून दोन वेगळ्या बैठका ठेवा, जमलं तर दोन वेगळी माणसं. आकड्यांचा रिव्ह्यू एकीकडे. दुसरी बैठक ठरलेल्या वेळेला, दर आठवड्याला किंवा निदान दोन आठवड्यांनी, साधारण तासभर, आणि तिथे केसचा माणसावर काय परिणाम होतोय तेवढंच बोलायचं. छोटी संस्था असेल आणि दुसरं माणूसच नसेल तर शेजारच्या संस्थेशी अदलाबदल करा, त्यांची सिनियर तुमच्या टीमला वेळ देईल आणि तुमची त्यांना. गोपनीयतेची हद्द पहिल्याच बैठकीत सांगा: जिवाला धोका असेल तर मला बाहेर बोलावं लागेल, बाकी काही बाहेर जाणार नाही.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न इथे चालत नाही, त्याचं उत्तर "बरंय" असतं. "या आठवड्यात कोणती केस घरी बरोबर आली?" असं विचारा. "कोणाला भेटायला जाणं टाळलंस?" हा पण चांगला प्रश्न आहे, टाळाटाळ माणसाला स्वतःला उशिरा कळते.

काम वाढलं की सगळ्यात आधी हीच बैठक रद्द होते. सलग दोनदा रद्द झाली तर कोऑर्डिनेटरने लेखी कारण द्यायचं असा नियम करा, रद्द होणं लगेच कमी होतं.

## टप्पा ५: वाईट दिवसाचा प्लॅन आधीच लिहून ठेवा

तुमच्या टीमच्या ओळखीतला माणूस मारला जाणं, सहकाऱ्यावर हल्ला होणं, तुम्ही निघून आल्यावर तासाभरात त्याच घरात खून होणं, हे या कामात घडतं. त्या दिवशी कोणाचंच डोकं चालत नाही. म्हणून प्लॅन आधी, एका पानावर, नावानिशी.

पहिले काही तास. टीमला बातमी कोण देणार ते ठरलेलं असावं आणि फोनवर किंवा समोरासमोर द्यावी, ग्रुपवरून नाही. त्या केसशी जोडलेल्या माणसाला आधी, एकट्याला, मग बाकीच्यांना. त्याची ऑन-कॉल ड्युटी लगेच काढून घ्या. पोलीस आणि पत्रकारांशी कोण बोलणार ते एकच नाव. आणि साध्या गोष्टी: त्याने पाणी प्यायलंय का, घरी कोण आहे, गाडी चालवत जाणार असेल तर कोणीतरी बरोबर जा.

इथली सगळ्यात मोठी चूक सांगतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल करून बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सविस्तर सांगायचं, असं सक्तीचं एका बैठकीचं डिब्रीफिंग अनेक ठिकाणी मोठ्या भक्तिभावाने केलं जातं. २००२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, एकेका माणसाच्या अशा एका बैठकीच्या डिब्रीफिंगने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही, उलट एका चाचणीत असं डिब्रीफिंग केलेल्यांमध्ये वर्षभरानंतर पीटीएसडीचा धोका वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही ते करू नका असंच सांगतात. बैठक घ्यायचीच असेल तर माहितीची घ्या: काय घडलं, आता कोण सुरक्षित आहे, उद्याचं काम कोण करणार. ज्याला बोलायचंय तो बोलेल, ज्याला नाही त्याला खोदायचं नाही.

पहिले तीन-चार दिवस. झोप उडणं, भूक मरणं, चिडचिड, सारखं तेच आठवणं, हे सगळं या दिवसांत होतंच आणि पुष्कळ जणांचं हळूहळू ओसरतं, हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो घाबरतो की मला वेड लागतंय. रोज एका ठरलेल्या माणसाचा ठरलेल्या वेळी फोन, सात जणांचे वेगवेगळे नकोत. घरी बसायचंय की हलकं काम हवंय ते त्यालाच विचारा. काहींना ऑफिसमध्ये कपाट आवरत बसणं घरापेक्षा बरं वाटतं.

अंत्यविधीला जायचं की नाही हा प्रश्न येतोच. संस्था गोंधळते कारण नियमात काही लिहिलेलं नसतं. लिहून ठेवा: जायची मोकळीक आहे, तो वेळ ड्युटीत धरला जाईल, पण तिथे त्या दिवशी मध्यस्थीचं काम त्याने करायचं नाही. बदल्याची चर्चा तिथेच पेटण्याची शक्यता असते, त्यामुळे दुसऱ्या सहकाऱ्याला कामासाठी वेगळं पाठवा आणि याला नुसतं रडू द्या.

सावधान: झोपेसाठी कोणाकडून तरी गोळ्या मागून घेणं किंवा दारूचा आधार, हे या दिवसांतच सुरू होतं. पहिल्या महिन्यात अशा लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन गटाच्या (झोप आणणाऱ्या, शांत करणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत असं त्याच २०१३ च्या सूचनांमध्ये आहे. कोणी आधीपासून रोज घेत असेल तर मात्र अचानक बंद करायला लावू नका, डॉक्टरकडे पाठवा.

चार आठवडे झाल्यावर. तोवर सगळे विसरलेले असतात, म्हणून घटनेच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये ही तारीख टाका. लक्षणं महिनाभरानंतरही तेवढीच असतील किंवा वाढली असतील तर थांबायचं नाही, टप्पा ८ कडे जा. आणि केसची चौकशी, म्हणजे आपलं काय चुकलं ते शोधणं, आधाराच्या बैठकीत मिसळू नका. एकाच खोलीत एकाच वेळी "तू कसा आहेस" आणि "तू त्या रात्री किती वाजता निघालास" असं विचारलं की माणूस पुढच्या वेळी दोन्हीकडे खोटं बोलतो.

## टप्पा ६: मोजमाप, पण हेरगिरी नको

प्रोक्वॉल नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते, गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते आणि तीन वेगळे स्कोअर देते: कामातलं समाधान, बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमा. प्रत्येक भागात २२ किंवा कमी म्हणजे कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ किंवा जास्त म्हणजे जास्त. पाचव्या आवृत्तीत बर्नआउटच्या भागातले पाच प्रश्न, १, ४, १५, १७ आणि २९, उलटे मोजायचे असतात, म्हणजे ५ ला १ आणि ४ ला २ असं. हे विसरलं की आनंदी माणूस आणि जळालेला माणूस यांचे आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. ही चूक फार होते.

ही प्रश्नावली निदान करत नाही. प्रत्येकाने स्वतःची भरावी, स्वतःकडे ठेवावी, तीन महिन्यांनी परत भरून फरक बघावा. संस्थेला हवं असेल तर नाव नसलेली सरासरी घ्या, तीही टीम मोठी असेल तर. चार जणांच्या टीममध्ये कोणाचं काय ते सगळ्यांना अक्षरावरूनच कळतं.

बर्नआउट किंवा सेकंडरी ट्रॉमाची सरासरी वाढली तर लोकांना सुधारायला निघू नका, टप्पा १ आणि २ चे कागद परत काढा.

## टप्पा ७: स्वतःसाठी, रोजचं

आता इथे श्वासाचे व्यायाम वगैरे आले. मोठी यादी देत नाही, मोठ्या याद्या कोणी पाळत नाही आणि मग न पाळल्याचा अपराधी भाव वेगळाच.

काम संपल्याची एक ठळक खूण ठेवा, घरात शिरायच्या आधीची. कामाचा फोन दुसऱ्याच्या हातात देणं, कपडे बदलणं, दोन स्टॉप आधी उतरून चालणं, काहीही, पण रोज तेच. त्याआधी वहीत दोन ओळी: आज काय राहिलं, ते उद्या कोण बघणार. डोकं रात्री तेच तेच उगाळतं कारण त्याला भीती असते की हे विसरलं जाईल, कागदावर उतरलं की थोडी ढील मिळते.

झोपेला हात लावू देऊ नका. व्यायाम नाही जमला तर नाही, पण सलग तीन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली तर ते कोणाला तरी सांगायचं असा स्वतःशी नियम करा.

घरच्यांना काय सांगायचं हेही ठरवा. काहीच न सांगितल्याने घरचे स्वतःवर ओढून घेतात, सगळं सांगितलं तर तो ट्रॉमा त्यांच्याकडे जातो आणि केसची गोपनीयता पण जाते. "आज कामात वाईट दिवस होता, तुझ्यावर चिडलो नाहीये, अर्धा तास दे" एवढं पुरतं.

ज्या वस्तीत राहता तिथेच काम असेल तर हे सगळं अवघड होतं, कारण दाराबाहेर पाऊल टाकलं की कोणीतरी केस घेऊन उभं. तिथे एक वाक्य पाठ करून ठेवा: "मी आत्ता ड्युटीवर नाही, आत्ता या नंबरवर अमुक आहे, थांब मी लावून देतो." फोन लावून द्यायचा आणि निघायचं. अर्थात हे चालायला टप्पा २ झालेला हवा, नाहीतर त्या नंबरवर तुम्हीच असता.

## टप्पा ८: थेरपीकडे पाठवणं आणि परत कामावर घेणं

वाट बघायची नाही अशी परिस्थिती: जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा विचार, रोज दारू, किंवा फिल्डवर विनाकारण धोका पत्करणं. यातल्या शेवटच्याला लोक शूरपणा समजतात. थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा इमर्जन्सी सेवेपर्यंत पोहोचवा.

बाकीच्यांसाठी, ट्रॉमाची लक्षणं महिनाभरापेक्षा जास्त टिकली की ट्रॉमावर प्रशिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडे पाठवा. ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) या दोन पद्धतींना चांगला आधार आहे. दोन-तीन थेरपिस्ट आधीच शोधून त्यांच्याशी बोलून ठेवा आणि तुमच्या कामाचं स्वरूप समजावून सांगा, नाहीतर पहिल्या सेशनमध्ये थेरपिस्टच घाबरते आणि कार्यकर्ता तिची समजूत काढून परत येतो. पैसे संस्था भरणार असेल तर बिलावर नाव आणि निदान कोणाला दिसणार हे पण आधी ठरवा.

परत येताना पहिल्या आठवड्यात सोप्या भेटी, बरोबर सहकारी, ऑन-कॉल नाही. जड केस साधारण महिनाभर नाही, आणि ज्या गल्लीत घटना घडली तिथे जायचं तर त्याच्या मर्जीने, पहिल्या वेळी दिवसाउजेडी आणि कोणाच्या तरी सोबत. पगार कापायचा नाही. बाकी टीमला काय सांगायचं ते त्यालाच विचारून घ्या, तो म्हणेल तेवढंच सांगा. त्याच्या गैरहजेरीत ज्यांनी त्याच्या केस ओढल्या त्यांचा ओझ्याचा कागद त्याच आठवड्यात काढून बघा, कारण पुढचा नंबर बहुतेक त्यांच्यातल्याच कोणाचा तरी असतो.